बुरुल्चाच्या ताटातलं हाड

१९९३ सालची ही गोष्ट. जुना देश जाऊन दोन वर्षं होत आली होती. शहराच्या पाट्यांवरचं फ्रुंझे हे नाव पुसून बिश्केक झालं होतं, पण ट्रॉलीबसमधल्या बायका थांबे अजून जुन्याच नावांनी विचारत आणि कंडक्टरबाईही त्याच नावांनी सांगत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, रस्त्याकडेच्या पाटांत पिवळी पानं तुंबून पाणी फुटपाथवर यायला लागलं होतं तेव्हा, एका दुपारी बुरुल्चा सातारोव्नाच्या ताटात मेंढीच्या छातीचं हाड पडलं. झालं ते एवढंच. ताट जरासं सरकलं, रश्शाचे थेंब मेजावर अंथरलेल्या कागदावर पडून पसरले, आणि ठेवणारा हात पुढच्या ताटाकडे गेला. फक्त चहा ओतत असलेल्या अनारकानचा, म्हणजे भागीदार सोवेतबेकच्या बायकोचा, हात मध्येच थांबला. वाटी अर्धीच भरली. मग तिनं मान खाली घातली आणि उरलेली अर्धी भरली.

बुरुल्चानं ताटाकडे दुसऱ्यांदा पाहिलं. ही तिची न्यायालयातली सवय. पहिल्यांदा दिसलं, ऐकलं ते बाजूला ठेवायचं आणि पुन्हा विचारायचं. पुन्हा पाहिलं तरी ते छातीचंच होतं. चपटं, पांढुरकं, कडेला कुरकुरीत कूर्चा आणि वर चरबीची पिवळट साय. तिच्या लोकांत मेंढी कापली की तिच्या बारा हाडांनी माणसांच्या जागा ठरतात. कमरेचं मोठं हाड सगळ्यांत वडील पुरुषाचं. शेपटीच्या मुळाशी असतं ते लुसलुशीत ‘उचा’ वडीलधाऱ्या बाईचं. पायांची हाडं वयाच्या उतरंडीनं. आणि छातीचं, ‘तोश’, घरातल्या सुनेचं. मान दिला, मान काढला, हे कुणाला तोंडानं सांगावं लागत नाही. ताटात बघितलं की कळतं. एकोणपन्नास वर्षांच्या, नातू खेळवणाऱ्या, राज्याच्या नावानं निकाल वाचलेल्या बाईपुढे सुनेचं हाड. आणि उचा कुठे गेलं? ते तिच्या उजव्या हाताला बसलेल्या रोझापुढे होतं. रोझा म्हणजे पिठाच्या गिरणीच्या संचालकाची बायको, वयानं बारा-पंधरा वर्षांनी लहान. तिचे गाल लाल झाले होते आणि ती नवऱ्याला कोपरानं ढोसत होती, बघ बघ म्हणून.

खोलीत उकळलेल्या दुधाचा वास होता. मटणाच्या, कांद्याच्या, नव्या रंगाच्या वासाखालूनही तो यायचाच. ही जागा म्हणजे पूर्वीचं दूधघर. तान्ह्या पोरांच्या आया सकाळी इथे रांगेत उभं राहून झाकणबंद बाटल्यांतून पातळ दही आणि दूध न्यायच्या. बुरुल्चाही उभी राहिली होती, एकाहत्तर साली, मुलगी चार महिन्यांची असताना, डोळ्यांवर झोप आणि काखेत दिवाणी कायद्याचं पुस्तक. नवं राज्य आलं, दूध बंद झालं, आणि दोन खोल्या रिकाम्या राहिल्या. आता तिथे बुरुल्चा आणि तिचे दोन भागीदार, रशीद आणि सोवेतबेक, यांची वकिलीची कचेरी उघडत होती; आजचं जेवण त्याचंच. भिंतींना कमरेपर्यंत पांढऱ्या फरश्या. रशीद म्हणाला होता, “असू द्या की! अशील आला तर त्याला वाटेल, इथे सगळं धुऊन मिळतं.” ती हसली होती. सोवेतबेकही हसला होता. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता.

ते तिघं एकत्र आले तेच मुळी आश्चर्य. जुन्या राज्यात कायद्याची माणसं तीन जातींची असत आणि एकमेकांच्या पंगतीला बसत नसत. बुरुल्चा जिल्हा न्यायालयातली न्यायाधीश. एकोणीस वर्षं तिनं बहुतेक घटस्फोट आणि खोल्यांच्या वाटण्या केल्या. एका खोलीत राहणाऱ्या आणि एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या नवरा-बायकोंमध्ये कपाट आडवं लावून घर कसं वाटायचं, हे शहरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. सोवेतबेक सरकारी वकिलांच्या कचेरीतला. निळा गणवेश, खांद्यावर तारे, भरदार छाती, आणि आवाज असा की उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या तर बाहेर शेंगदाणे विकणारी म्हातारीसुद्धा आरोपीला किती वर्षं मागितली ते सांगू शके. आणि रशीद नुर्गालियेविच, काझानकडचा तातार, विधुर, शिवणकारखान्याचा कायदा सल्लागार. वीस वर्षं त्यानं बटणांचे, दोऱ्यांचे, अस्तराच्या कापडाचे करार लिहिले होते. न्यायालयातली माणसं असल्यांना वकीलच समजत नसत; ‘बटणवाला’ म्हणत. पण एकाएकी सगळा देशच बटणं विकायला बसला. करार म्हणजे काय हे माहीत असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतला एक हा रशीद. बुरुल्चाची मुदत संपली तेव्हा तिला पुन्हा नेमलं नाही. नव्या राज्याला नवी माणसं हवीत असं तिला फार गोड शब्दांत सांगितलं गेलं. सोवेतबेकनं तर स्वतःच राजीनामा दिला होता, का ते त्यानं कधी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. पावाच्या रांगेत रशीद तिच्या मागे उभा होता. “न्यायाधीशबाई,” तो म्हणाला, “तुम्हाला निकाल देता येतो, त्या तुमच्या ढगाला गडगडता येतं, आणि मला लिहिता येतं. तिघं मिळून एक पुरा वकील होईल की नाही?”

प्रमुख कोण, हे महिन्यापूर्वीच ठरलं होतं. रशीद म्हणाला, बुरुल्चा. लोक न्यायाधीशावर विश्वास ठेवतात, सरकारी वकिलाला घाबरतात, आणि बटणवाल्याला ओळखतच नाहीत. सोवेतबेकनं खांदे उडवले. “एजे आहेत म्हटल्यावर प्रश्न कुठे येतो?” एजे म्हणजे थोरली बहीण. तो तिला नेहमी तेच म्हणे. न्यायालयात ‘कॉम्रेड न्यायाधीश’ आणि दाराबाहेर पाऊल पडलं की एजे. लिहून मात्र काही ठेवलं नाही. दुसऱ्यांना आयुष्यभर ‘लिहून घ्या, लिहून घ्या’ सांगणारी तीन माणसं, आणि आपसात नुसती जबान. आज जेवण झालं की सगळ्यांत वडील माणूस दोन्ही तळवे उघडून बाता देणार होता, आशीर्वाद, आणि त्यात ही चूल, म्हणजे ही कचेरी, कुणाच्या नावाची ते सांगणार होता. मग सगळे ‘ओमीन’ म्हणून तोंडावरून हात फिरवणार, आणि संपलं. बाता दिल्यावर ‘तसं नव्हे’ म्हणणारं माणूस त्या पंगतीनं कधी पाहिलेलं नव्हतं. रोझाच्या पलीकडे तिचा नवरा, गिरणीचा संचालक ओमुरोव बसला होता, पहिला मोठा अशील. तो इथून जे ऐकून जाईल ते संध्याकाळपर्यंत अर्ध्या शहराला कळेल. आणि बाता देणारा होता आसानकादिर, सोवेतबेकचा थोरला भाऊ. नारीनच्या वरच्या कुरणांतला मेंढपाळ. मेंढी त्यानंच मोटारीच्या मागच्या कप्प्यात घालून आणली होती, अंगणात त्यानंच कापली होती, आणि हाडंही त्यानंच मांडली होती.

तिनं मान न हलवता सोवेतबेककडे पाहिलं. ही कलाही न्यायालयातली. साक्षीदाराकडे बघायचं ते त्याला कळता कामा नये. तो मेजाच्या पलीकडे बसला होता. त्यानं तिचं ताट पाहिलं. तिनं त्याला पाहताना पाहिलं. त्याची नजर हाडावर आली, क्षणभर थांबली, तिथून रोझाच्या ताटावर गेली, आणि मग एकदम त्याला मीठ हवं झालं. “अनारकान, मीठ कुठाय मीठ?” मीठ त्याच्या कोपराजवळच होतं. म्हाताऱ्याचं ठीक आहे, म्हातारा डोंगरातून आलेला, त्याला काय माहीत कोण कोण आहे. पण यानं पाहिलं आणि मीठ मागितलं.

“अरे वा, एजे!” रशीद डावीकडून वाकला. त्याला हाडांचं काही कळत नसे. त्याच्या काझानकडे कुणीही काहीही खात असे. “तुम्हाला तर सगळ्यांत मऊ तुकडा आलाय! माझ्याकडे बघा, नुसता मणका. याच्यावर मांस शोधायला सोवेतला झडतीचं वॉरंट काढायला सांगावं लागेल.”

ओमुरोव खो खो हसला. हसता हसता त्याची नजर बुरुल्चाच्या ताटावर गेली आणि हसणं जरा आधीच संपलं. म्हणजे त्यालाही कळलं. तो खेड्यातलाच होता. आता त्याच्या डोळ्यांत हिशेब सुरू झाला असेल: ही मोठी असेल असं वाटलं होतं, पण हिच्यापुढे तोश. मग खरा मालक कोण?

एक्याऐंशी सालच्या मार्चमध्ये सोवेतबेक तिच्या घरी आरडाओरड करत आला होता ते तिला आठवलं. एका मेंढपाळावर त्यानं कळपातल्या मेंढ्या गायब केल्याचा आरोप ठेवला होता. तेव्हा फौजदारी प्रकरणंही तिच्याकडे येत. तिनं ते तपास अपुरा म्हणून परत पाठवलं. त्यानं पुन्हा आणलं. तिनं पुन्हा परत पाठवलं. तो जिना चढताना त्याच्या बुटांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत पुढे पुढे येत होता. “एजे, तुम्ही मला सगळ्या जिल्ह्यात माकड केलंत!” “आधी बूट काढ.” त्यानं बूट काढले. मोज्याला भोक होतं. ती स्वयंपाकघरात शेवयांचं सूप करत होती. तो बसला, भांडला, सूप प्याला, पुन्हा भांडला, कलमांचे आकडे एकमेकांच्या अंगावर फेकले, आणि जाताना दारात म्हणाला, “लांडगे होते, एजे. मला कालच कळलं. पण तुम्ही दुसऱ्यांदा परत पाठवलं नसतंत तर मी त्याला आत घातला असता.” त्यानंतर बारा वर्षं ते भांडत आले. ज्या प्रकरणावर तो भांडला नाही ते प्रकरण तिला कच्चं वाटे. मग आज तो मीठ का मागतोय?

“खा की, पोरी,” आसानकादिर म्हणाला. “थंड होईल.”

पोरी. त्याचा आवाज मऊ होता. त्यात कुचेष्टा नव्हती. उन्हानं, वाऱ्यानं भाजलेला चेहरा, डोक्यावर पांढरी लोकरी टोपी, हाताच्या नखांत अजून मेंढीचं रक्त. बुरुल्चाला वाटलं, याला विचारावं. सरळ विचारावं. साक्षीदाराला प्रश्न लहान घालावा, आणि त्यात उत्तर नसावं.

“बाइके,” ती म्हणाली. थोरल्या भावाला म्हणतात तसं. “मी कोण आहे असं तुम्हाला सांगितलंय?”

म्हातारा गोंधळला. “सोवेतनंच सांगितलं ना. काल रात्री मी विचारलं, ही न्यायाधीशबाई म्हणतोस ती पाहुणी की काय? तर म्हणाला, छे, पाहुणी कुठली, ती आपलीच आहे.”

आपलीच आहे.

ते शब्द तिनं मनात आडवे-उभे फिरवून पाहिले. एकोणीस वर्षांत तिनं माणसांना शब्दांवर घसरताना पाहिलं होतं. एका बाईनं ‘त्यानं मला हाकललं’ म्हटलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ‘मी निघाले’. तेवढ्या फरकावर अर्धी खोली इकडची तिकडे गेली होती. ‘आपलीच’ म्हणजे काय? पाहुण्या बाईला उचा द्यावं. घरच्या बाईला तोश. म्हाताऱ्यानं शब्दाला शब्द लावून हाड दिलं, त्याचा दोष नाही. पण सोवेतबेकनं तो शब्द कुठल्या तोंडानं उच्चारला? आपलीच, म्हणजे माझी थोरली बहीण, तिच्याशी परक्यासारखं वागू नका? की आपलीच, म्हणजे माझ्या कचेरीत बसेल, कागद लिहील, घरातल्यासारखी? पहिल्यातही प्रेम आहे, दुसऱ्यातही आहे. सुनेवरही प्रेम करतातच की लोक. तिचं स्वतःचं लग्न तिला आठवलं. सासरच्या तंबूत पहिल्या दिवशी पुढ्यात आलेलं तोश. डोक्यावरचा रुमाल इतका पुढे ओढलेला की खाली वाकल्याशिवाय ताट दिसत नव्हतं. सासू म्हणाली होती, आता तू आमची. त्या वाक्यानंतर सात वर्षं तिला कुणी काही विचारलं नव्हतं, नवऱ्यानंही नाही. शहरात आली, शिकली, तेव्हा कुठे लोक तिला विचारायला लागले, तेही उभं राहून.

अनारकाननं रिकामी ताटं उचलायला सुरुवात केली. म्हाताऱ्यानं सुरी पुसून म्यानात घातली. जेवण संपत आल्याची ही खूण. ओमुरोवनं आपली टोपी सरळ केली. आता काही क्षणांत म्हाताऱ्याचे हात वर उचलले जातील. बुरुल्चा काय म्हणू शकत होती? ‘थांबा, आमचं असं ठरलं होतं’? जेवणात अडून बसलेली बाई! उद्या शहर म्हणेल, न्यायाधीशबाईंना हाडाचा राग आला. काहीच म्हणाली नाही तर आज संध्याकाळपर्यंत ही सोवेतबेकची कचेरी; ती कोपऱ्यातल्या मेजाशी, पांढऱ्या फरशीला पाठ लावून, ‘आमच्या बुरुल्चाकडे द्या, ती लिहून देईल.’ तिला दुसरीकडे जायला जागा नव्हती. पन्नाशीला आलेल्या न्यायाधीशाला कोण ठेवतो? रशीद तर आपल्या मणक्यातली मज्जा चोखत होता.

“बरं तर,” आसानकादिर म्हणाला आणि गुडघ्यांवर हात टेकून ताठ बसला. “हात उघडा.”

“बाइके, एक मिनिट,” बुरुल्चा म्हणाली.

तिचा आवाज तिलाच ओळखीचा वाटला. हा आवाज न्यायालयातला; घरी ती तो कधी वापरत नसे. तिनं सुरी मागितली. अनारकाननं दिली. बुरुल्चानं ते छातीचं हाड पुढ्यात घेतलं आणि मांस कापायला लागली, अगदी बारीक, आजी कापायची तसं, चरबी आणि मांस सारख्या वाटणीनं. कुणाला घाई नव्हती. वडील माणूस कापत असताना घाई करत नाहीत. मग तिनं ते मुठीत घेतलं, रश्शात बुडवलं, आणि मेजावरून पुढे वाकली.

“सोवेत,” ती म्हणाली, “इकडे ये. तोंड उघड.”

वडीलधाऱ्यानं आपल्या ताटातलं मांस आपल्या हातानं धाकट्याला भरवावं, ही जुनी रीत. धाकट्यानं नको म्हणू नये. लेकरांना भरवतात, नातवांना भरवतात, कधी पंगतीतल्या लाडक्या भाच्याला. पंचेचाळीस वर्षांच्या, खांद्यावर तारे मिरवलेल्या माणसाला भरवलेलं त्या खोलीत कुणी पाहिलं नव्हतं. सोवेतबेक हलला नाही. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. तिच्या मुठीतून रस्सा गळून मनगटावरून बाहीत शिरत होता. तिला वाटलं, तो येणार नाही. आणि तो आला नाही तर काय, हे तिनं ठरवलंच नव्हतं. मग तो उठला. मेजाला वळसा घालून आला, तिच्यासमोर वाकला आणि त्यानं तोंड उघडलं. आतल्या दाढा तिला दिसल्या. एक सोन्याची, दोन किडलेल्या. तिनं मूठ भरवली. तो चावत राहिला. बराच वेळ चावत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रस्सा तिखट नव्हता.

म्हातारा भावाकडे पाहत होता. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग रोझाच्या ताटातल्या उचाकडे. त्याचा काळा चेहरा हळूहळू आणखी काळा होत गेला. “हाय रे देवा,” तो पुटपुटला. “मी म्हातारा, माझी नजर गेली.” त्यानं हात उघडले. बाता मोठा होता. त्यात गवत, पाणी, शत्रूंचे अडलेले घोडे, मुलांची मुलं सगळं आलं. आणि शेवटी: “ही चूल बुरुल्चाची. तिचा धूर सरळ वर जावो.” ‘ओमीन’, सगळे म्हणाले. ओमुरोव सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला.

नंतर अंगणातल्या नळाशी सोवेतबेक तोंड धूत होता. बुरुल्चा हात धुवायला गेली. कढईखालचे निखारे अजून धगधगत होते.

“मी दादाला एवढंच म्हटलं होतं,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “की तुम्ही आपल्या आहात.”

“मग ताट पाहून मीठ का मागितलंस?”

“दादानं मला वाढवलं, एजे. बाप गेला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्याला पाच माणसांत, तू चुकलास म्हणू? त्याच्याच मेंढीच्या जेवणाला बसून?” त्यानं ओल्या हातानं चेहरा पुसला. “मला वाटलं, तुम्ही हसून सोडून द्याल. तुम्हाला काय कमी होतं? रात्री मी त्याला समजावलं असतं.”

“आणि बाता? तो रात्री परत घेता आला असता?”

त्यानं नळ बंद केला. त्याचं ते म्हणणं खरंही असेल, खोटंही असेल. सगळं आयुष्य समोरच्या माणसाचं खरं-खोटं वेगळं करण्यात घालवलेल्या बाईला त्या नळाशी ते कळलं नाही, आणि पुढेही कळलं नाही. तो आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कचेरीत आला, कोट टांगला, आणि म्हणाला, “नमस्कार, बुरुल्चा सातारोव्ना.” नावामागे बापाचं नाव लावून. साहेबाला म्हणतात तसं. रशीदनं चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पुन्हा करारात डोकं घातलं.

कचेरी अकरा वर्षं चालली. चांगली चालली, असंच लोक म्हणतील. सोवेतबेक वेळेवर येई, नीट काम करी, न्यायालयात त्याचा आवाज पूर्वीसारखाच घुमे. फक्त तो तिच्याशी भांडला नाही. एकदाही नाही. ती काही मांडायची, तो म्हणायचा, “तुम्ही म्हणाल तसं, बुरुल्चा सातारोव्ना.” जुन्या न्यायालयात न्यायाधीशाच्या दोन्ही बाजूंना दोन सामान्य नागरिक बसवत, एखादी विणकरीण, एखादा ट्रकवाला. त्यांचं मत न्यायाधीशाइतकंच वजनाचं, असा कायदा होता. पण ते काही बोलत नसत, म्हणून लोक त्यांना ‘मानडोले’ म्हणत. बुरुल्चाला अशी माणसं एकोणीस वर्षं शेजारी होती आणि तिनं त्यांच्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. आता तिच्याकडे सोवेतबेकसारखा मानडोल्या होता. सत्त्याण्णवमध्ये ओमुरोवच्या गिरणीचा मोठा दावा ती हरली. अपिलाची मुदत तिनं चुकीची धरली होती. सोवेतबेकनं ते पाहिलं होतं. “मला वाटलं, तुम्ही काही विचार करूनच केलं असेल,” तो म्हणाला, अगदी अदबीनं. रशीद त्या दिवशी पहिल्यांदा ओरडला. कुणावर ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आसानकादिर त्या जेवणानंतर दुसऱ्या हिवाळ्यात वारला. वर कुरणाच्या वाटेवर बर्फाखाली तो आणि त्याचा घोडा दोघंही सापडले. ओमुरोवची गिरणी बंद पडली, तो बायकोला घेऊन मुलाकडे मॉस्कोला गेला. रोझा तिथे म्हणे एका घरी मुलं सांभाळते. रशीद नव्व्याण्णवमध्ये काझानला परतला, तिथे त्यानं पुन्हा लग्न केलं, आणि दोन वर्षांनी झोपेतच गेला. सोवेतबेक २००७ मध्ये गेला, यकृतानं. बुरुल्चा दफनाला गेली, बायकांच्या तंबूत बसली, रडली. अनारकाननं तिला मिठी मारली. ती आता दोन नातींना घेऊन टोकमाकला राहते. दूधघराच्या जागी आधी औषधाचं दुकान आलं, मग मोबाइल दुरुस्तीचं.

बुरुल्चा अजून आहे. नवव्या वस्तीत, तळमजल्यावर. संध्याकाळी ती इमारतीपुढच्या बाकावर बसते आणि शेजारपाजारचे लोक आपली भांडणं तिच्याकडे आणतात: तळघरातला कप्पा कुणाचा, पाण्याचं बिल कसं वाटायचं, सून घर सोडून गेली तर पाळणा कुणाचा. ती सगळं ऐकून घेते. मग जे वाटतं ते स्पष्ट सांगते. लोक म्हणतात, बरोबर आहे, आपा, आणि उठतात. तिला त्यांना जायची घाई दिसते, तरी ती हात धरून जरा बसवून ठेवते, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहते, कुणीतरी ‘नाही’ म्हणेल म्हणून.